अर्धा फेरा

मामाला एखादा शब्द आवडला की तो त्याला पार पिळून काढायचा. गेले दोन महिने 'मोमेंटम'ची पाळी होती. तालमीत कुणी वाक्य विसरलं की मोमेंटम गेला, चहा उशिरा आला की मोमेंटम तुटला, चार तिकिटं जास्त खपली की आता मोमेंटम आलाय, सोडायचा नाही. एकदा तर जिना चढताना मध्येच थांबून, कंबरेवर हात ठेवून, धापा टाकत त्याने जाहीर केलं होतं की त्याचा स्वतःचा मोमेंटम संपला.

हे ऐकून त्याची भाची दर वेळी दात आवळायची. ती नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडली होती आणि पुढचा प्रवेश मिळेपर्यंत मामाच्या नाटकात मंचामागची व्यवस्था बघत होती. टेबल "जरा इकडे" ठेव असं कुणी म्हटलं तर तिला चालत नसे. जरा म्हणजे किती, हे विचारल्याशिवाय ती टेबलाला हात लावत नसे. त्यामुळे मंडळींनी तिचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं, आणि आता तिची आई सोडली तर तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नव्हतं.

"मोमेंटम म्हणजे संवेग. वस्तुमान गुणिले वेग," तिने मामाला एकदा सांगून पाहिलं. "तो असा आपोआप येत-जात नाही. कुणी दिला तर येतो, कुणी घेतला तर जातो."

"मग माझ्या नाटकाचा कोण घेतं ते शोध," मामा म्हणाला. "नाटकाला वजन आहे, वेगही आहे. बस गुणाकार करत."

कोण घेतं हे मामाला पक्कं ठाऊक होतं. पडदा. त्याचं मागचं नाटक पडद्याने मारलं होतं. प्रवेश बदलायला पडदा पडायचा, आत सामानाची खडखड सुरू व्हायची, बाहेर लोक खोकायचे, मोबाइल बघायचे, आणि पडदा उघडेपर्यंत निम्म्यांना आधी काय चाललं होतं तेही आठवायचं नाही. म्हणून या वेळी त्याने फिरता रंगमंच असलेलं नाट्यगृह धरलं होतं. मंचाच्या मधोमध लाकडाची प्रचंड मोठी गोल चकती, खालून मोटरीने फिरणारी. चकतीच्या बरोबर मधून एक भिंत उभी केली होती. भिंतीच्या एका बाजूला जुनं घर, दुसऱ्या बाजूला नवं, आणि भिंतीच्या मध्यावर दार. दुसऱ्या अंकात जुनं घर सोडायचा प्रसंग यायचा. डझनभर शेजारी खोकी, खुर्च्या, गाद्या, एक पलंग उचलून त्या दारातून पलीकडे न्यायचे आणि त्याच वेळी चकती अर्धा फेरा फिरायची. भर उजेडात, पडदा नाही, काळोख नाही.

आणि या सगळ्याच्या पुढे, चकतीच्या कडेवर, मावशी चालायची.

मावशी म्हणजे मामाची थोरली बहीण. एके काळची मोठी नटी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा वर्षं घरी बसलेली, आणि भावाने हा प्रसंग ऐकवल्यावर "बरं, करते" एवढंच म्हणून परत आलेली. चकती एका दिशेला फिरायची, मावशी उलट दिशेला चालायची, त्यामुळे ती प्रेक्षकांसमोर एकाच जागी राहायची आणि तिच्या मागून तिचं घर हळूहळू निघून जायचं. या चालण्यात एकही वाक्य नव्हतं. पण याच्यासाठीच ती आली होती, आणि हे तिने कुणापासून लपवलंही नव्हतं.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी चकतीखालून जळक्या रबराचा वास आला. मग एक कळवळल्यासारखा आवाज, मग काहीच नाही.

मोटर बघणारा कारागीर खाली उतरला, काळ्या हातांनी वर आला आणि त्याने काखा वर केल्या. "गिअरचे दात गेले. नवीन भाग आणायला तीन दिवस."

"प्रयोग सात वाजता आहे," मामा म्हणाला.

"मग तो सात वाजता करा. मी काय सांगतोय, ही फिरणार नाही."

मामा चकतीच्या कडेला बसला. तो म्हणाला, "पडदा टाकू. दुसरं काय करणार."

मावशी खुर्चीत बसून गुडघ्याला पट्टा बांधत होती. तिने पट्टा अर्धवट सोडला. "मग मी चालायचं कुठे?"

"ताई, तू साधं या टोकापासून त्या टोकापर्यंत..."

"तसं तर मी भाजी आणायलाही चालते. त्याला तिकीट नसतं." ती हे शांतपणे म्हणाली, पण पट्टा काही तिने पुन्हा बांधायला घेतला नाही.

मोजपट्टी तोवर विजेरी घेऊन चकतीखाली शिरली होती. खाली माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा. डोक्यावर लोखंडी तुळया मधल्या खांबापासून कडेपर्यंत पसरलेल्या, आणि कडेला खाली उतरलेले हातभर लांबीचे गज. कारागिराने मोटरीची साखळी काढून ठेवली होती. तिने एका गजाला तळवा लावला आणि सहज, दार ढकलावं तसं ढकलून पाहिलं.

काही झालं नाही. तिने ढकलणं चालू ठेवलं. मग तो गज, आणि त्याच्याबरोबर डोक्यावरचं सगळं छत, तिच्या हातापासून हळूच दूर गेलं. तिने हात काढून घेतला तरी जातच राहिलं. भिंत, दार, दोन घरं, कपाटं, सगळं एका तळव्याने निघालं होतं.

वरून मामाचा आवाज आला. "अरे, कोण फिरवतंय? मी पडतोय इथे."

ती शिडीवरून धावतच वर आली. "मामा, हिला मोटर नकोच. साखळी निघाली की ही इतकी हलकी फिरते की, तू बघच. सुरू करायला वेळ लागतो, पण एकदा निघाली की निघाली. आम्ही तिघं खालून ढकलू."

"कोण तिघं?"

तिघं म्हणजे ती, सुतारकाका आणि तिकीटखिडकीवरचा पहिलवान. पहिलवान हे अर्थातच टोपणनाव होतं. त्याच्या अंगावर शर्ट वाळत घातल्यासारखा दिसायचा.

मामाने घड्याळ पाहिलं. "साडेपाचपर्यंत मला एक फेरा बिनचूक दाखव. नाहीतर पडदा. आणि ताईच्या गुडघ्याला हिसका बसला, तर मी तुझ्या आईला काय सांगू ते आधी सांगून ठेव."

खाली सुतारकाकांनी जमिनीवर खडूने दोन रेघा मारल्या. पहिल्या रेघेपर्यंत ढकलायचं, मग हात सोडायचे आणि चकतीला आपली आपण जाऊ द्यायचं. दुसऱ्या रेघेपासून तळव्यांनी धरून हळूहळू थांबवायचं. थांबायच्या जागी त्यांनी जमिनीवर आणि चकतीच्या कडेवर एकेक खूणही केली. नुसत्या चकतीवर करून पाहिलं, तर नवं घर प्रेक्षकांसमोर असं अलगद येऊन उभं राहिलं की खुद्द सुतारकाका म्हणाले, "मोटरीला जमलं नव्हतं हो असं."

मग माणसं चढली. डझनभर शेजारी जुन्या घराच्या कडेला उभे राहिले, मावशी पुढे. चकती जड झाली होती, निघायला वेळ लागला, पण निघाली. पहिली रेघ आली, तिघांनी हात सोडले. वर पावलांचे आवाज सुरू झाले. आणि त्यानंतर मोजपट्टीने जे पाहिलं त्यावर तिचा विश्वास बसेना. गज भराभर पुढे जायला लागले. कुणी ढकलत नव्हतं. तिन्ही माणसांचे हात मोकळे होते आणि चकतीचा वेग वाढत होता.

"धरा, धरा," सुतारकाका म्हणाले. पहिलवानाने गज धरला आणि गजाने पहिलवानाला धरून नेलं. सुतारकाकांनी चकतीच्या कडेत पाचर ठोकली, तशी चकती खाड्कन थांबली, पण तिच्यावरची माणसं आणि खोकी थांबली नाहीत. वर धडाधड काहीतरी कोसळलं.

मोजपट्टी वर आली तेव्हा नवं घर भलतीकडे तोंड करून उभं होतं, आणि प्रेक्षकांना दिसायचं ते सगळं सोडून विंगेतली चहाची किटली दिसत होती. खोकी इतस्ततः पडली होती. मावशी कडेपाशी भिंतीचं टोक घट्ट धरून उभी होती. तिला लागलं नव्हतं, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"जोरात ढकलायला कुणी सांगितलं होतं?" मामा ओरडला.

"आम्ही हात सोडले होते," पहिलवान म्हणाला. त्याच्या कोपराला खरचटलं होतं. "शपथ घेऊन सांगतो."

"मग काय भुताने ढकललं?"

"बाळ, हात सोडले होते आपण," सुतारकाकाही मोजपट्टीकडे बघत म्हणाले. जणू खरंच सोडले होते ना, असं विचारत होते.

"पडदा," मामा म्हणाला. "झाला खेळ तेवढा पुरे."

मोजपट्टी जागची हलली नाही. कुणी दिल्याशिवाय मिळत नाही, हे तिला पाठ होतं. दिलं तर कुणीच नव्हतं. मग आला कुठून हा वेग? तिने मंचावर पाहिलं. शेजाऱ्यांनी तालमीत ठरल्याप्रमाणे खोकी दारातून पलीकडे नेऊन तिथेच, दाराला लागून, रचायला घेतली होती. दार भिंतीच्या मध्यावर. भिंत चकतीच्या मध्यावर. म्हणजे डझनभर माणसं आपापल्या ओझ्यांसकट कडेवरून निघून मध्यावर येऊन उभी राहिली होती.

ती मोठ्याने हसली. मामाने तिच्याकडे रागाने पाहिलं.

"मामा, कुणीच ढकललं नाही. तू ढकललंस. तू यांना दारात बोलावलंस ना, म्हणून."

"मी?"

"दोन मिनिटं दे. दोनच. मावशी, तू खाली उतरून बस. बाकी सगळे कडेवर उभे राहा. सुतारकाका, पहिलवान, एक हलका धक्का द्या आणि हात सोडा."

चकती फिरायला लागली. मोजपट्टी स्वतः शेजाऱ्यांमध्ये उभी होती. "आता चालत मध्ये या. सावकाश." सगळे दोन्ही बाजूंनी दाराकडे चालू लागले आणि पायांखालची चकती वेग घ्यायला लागली. कुणीतरी "अगंबाई" म्हटलं. "आता उलटं, पुन्हा कडेला." माणसं बाहेर पसरली तशी चकती मंदावली. पुन्हा आत, पुन्हा जोरात. पुन्हा बाहेर, पुन्हा संथ. चकती जणू त्यांच्या चालण्यावर श्वास घेत होती. चौथ्या खेपेला मोजपट्टीने काही सांगायची गरजच उरली नाही. सगळी मोठी माणसं आत-बाहेर धावत होती आणि शाळा सुटल्यासारखी हसत होती. शेजाऱ्यांमधला सर्वांत वयस्क नट, ज्याने तालमीत कधी एक पाऊल जास्त टाकलं नव्हतं, तो म्हणाला, "मामा, आणखी एकदा फिरवा की."

"फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत वजन किती एवढंच बघून चालत नाही," मोजपट्टी धापा टाकत मामाला सांगत होती. "ते मध्यापासून किती लांब आहे तेही मोजावं लागतं. कडेवरचं माणूस फिरवायला जड, मध्यावरचं हलकं. फिरण्याचा एकूण संवेग तेवढाच राहतो ना, म्हणून माणसं आत आली की वेग वाढतो. इतकं सरळ आहे, आणि माझ्या लक्षात आलं नाही."

मामा म्हणाला, "मग यांना जागचं हलूच देत नाही. मूर्तीसारखे उभे राहतील."

"मग थांबवणार कोण? अरे, हेच आपले ब्रेक आहेत. दारात रचू नका म्हणावं, आणि थांबूही नका. दारातून पलीकडे, आणि सामान नव्या घराच्या पार कडेला नेऊन ठेवायचं. ते कडेला पोचले की चकती आपोआप मंद होईल. शेवटचं आम्ही हाताने धरू. मावशीला हिसका नाही."

"आणि दारातून जाताना जोरात फिरेल ते?"

"तेवढी दोन पावलं मी भरभर टाकीन," मावशी मागून म्हणाली. ती खुर्चीतून कधी उठली होती ते कुणाला कळलं नव्हतं. पट्टा बांधलेला होता. "एकदा करून बघू. चला."

साडेपाचला पाच मिनिटं असताना त्यांनी केलं. नवं घर खडूच्या खुणेपासून बोटभर अलीकडे थांबलं. मामा बोट मोजायच्या भानगडीत पडला नाही. तो म्हणाला, "प्रेक्षकांना आत सोडा," आणि मग कुणालाच दिसू नये म्हणून विंगेत जाऊन त्याने नाक शिंकरलं.

दुसऱ्या अंकाला मोजपट्टी चकतीखाली उभी होती. तिला वरचं काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं, आणि गजावर ठेवलेल्या तळव्यांना कळत होतं. वर मावशीचं शेवटचं वाक्य झालं. नाट्यगृह इतकं शांत होतं की पहिलवानाच्या पोटातली गुरगुर स्पष्ट ऐकू आली. सुतारकाकांनी मान हलवली. तिघांनी ढकलायला सुरुवात केली.

पहिली रेघ. हात सुटले. वर पावलं आत निघाली, जड, खोकी घेतलेली, एकामागून एक तिच्या डोक्यावरून मध्याकडे. गज वेग घेऊ लागले. एवढं अपेक्षित होतं. आता दारातून पलीकडे गेलेली पहिली पावलं बाहेरच्या दिशेला वळायला हवीत. तिने कान दिले.

वळली नाहीत. मध्यावर नुसती खुडबूड चालली होती. लाकडावर काहीतरी घासत होतं, पुन्हा घासलं.

"पलंग अडकला," सुतारकाका कुजबुजले. "दारात पलंग आडवा घातलाय कुणीतरी."

त्याच्यामागे सगळे अडले असणार. डझनभर माणसं मध्यावर आणि चकती धावत होती. दुसरी रेघ पुढे येत होती. मोजपट्टीने गजाला तळवा लावला तर तो हातातून निसटून पुढे गेला. सुतारकाकांचा हात पाचरीकडे गेला. तिने तो धरला.

"नको. मावशी पडेल."

"नाहीतर खुणेच्या पुढे जाईल, पोरी."

कडेवर एक पाऊल वाजत होतं, सगळ्यांपासून वेगळं. मावशीचं. आधी एका लयीत होतं, आता ते भरभर पडायला लागलं. मग आणखी भरभर. सहा वर्षं ती जिनासुद्धा कठडा धरून चढत होती, आणि आता ती जवळजवळ पळत होती. हिसका नाही असं तिनेच सांगितलं होतं. यात माणसं ठरल्याप्रमाणे चालतील, एवढंच तिने गृहीत धरलं होतं.

मग मावशीचा आवाज आला. जिथे एकही वाक्य नव्हतं तिथे, खणखणीत, घरात कामाचा बोजवारा उडालेला बघून वैतागलेल्या बाईचा आवाज.

"अरे, दारात काय खोळंबलात सगळे? घर काय दारात थाटायचंय? तो पलंग राहू दे तिथेच. बाकीचं घ्या आणि जा कडेला, पार त्या कोपऱ्यापर्यंत. मी येते मागून."

प्रेक्षकांत हशा पिकला. आणि त्या हशाच्या आत मोजपट्टीला पावलं ऐकू आली. एक, मग दोन, मग एकदम सगळी. काही दारापलीकडची, काही अलीकडची माघारी, पण सगळी बाहेर, कडेकडे, तिच्या डोक्यावरून पाऊस पसरावा तशी पसरत गेली. गज मंदावले. तिने तळवा लावला. या वेळी तो निसटला नाही. पलीकडे पहिलवानाने लावला, सुतारकाकांनी लावला. कुणी दाबलं नाही. तिघं नुसते त्याच्याबरोबर चालले, एकेक पाऊल कमी वेगाने, आणि खडूची खूण हळूहळू सरकत आली, जवळ आली, खुणेला खूण मिळाली आणि थांबली.

कडेवर मावशीची पावलं संथ झाली. तीन पावलं, दोन, एक. मग नव्या घराच्या दारातून अडकलेला पलंग कुणीतरी उभा करून सावकाश आत घेतल्याचा आवाज. आणि मग प्रेक्षागृहातून जे आलं ते खाली, तुळयांमधून, लोखंडातून, तिच्या हातांपर्यंत आलं.

पहिलवानाने दोन्ही हात वर करून उडीच मारली आणि त्याचं डोकं तुळईवर आपटलं. त्याला ते कळलंसुद्धा नाही. सुतारकाका पाचर खिशात घालून जमिनीवरच बसले.

मध्यंतराला शिडीवर चपलांचा आवाज झाला. आधी मामा उतरला, मग एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून, एकेक पायरी मोजत, मावशी. ती याआधी कधी चकतीखाली आली नव्हती. तिने डोक्यावरच्या तुळया पाहिल्या, गज पाहिले, खडूच्या रेघा पाहिल्या. मग ती सुतारकाकांच्या हत्यारांच्या पेटीवर बसली आणि गुडघा दोन्ही हातांनी चोळू लागली. तिच्या कपाळावरचा रंग घामाने ओघळला होता.

"दुखतंय?" मोजपट्टीने विचारलं. "मावशी, माझी चूक. पलंगाचं मी धरलंच नव्हतं हिशेबात."

"पलंग उद्यापासून काढून टाका," मामा म्हणाला. "आणि ताई, ते वाक्य ठेवू या का? लोक हसले. त्याने प्रसंगाचा मोमेंटम..."

"तू गप रे," मावशी म्हणाली. ती हसत होती. हसणं तिला आवरत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती अजून गुडघा चोळतच होती. तिने मोजपट्टीचं मनगट धरून तिला जवळ ओढलं.

"मी पळाले गं," ती म्हणाली. "पाहिलंस का? तुला कसं दिसणार, तू इथे खाली. पण मी पळाले. पाचसहा पावलं, पण पळालेच."

"ऐकलं मी," मोजपट्टी म्हणाली.

"मग उद्या," मावशी म्हणाली, आणि मामाला ऐकू जाऊ नये म्हणून तिने आवाज खाली आणला, "मधे जरा जास्त वेळ गर्दी करू दे त्यांना. किती वेळ, ते तू मोजून सांग."